पेट्रोलची वाणी आणि विजेचे मौन

दिवाळीच्या चार दिवसांत घरोघर जे बोलले जाते त्यालाही एक प्रकारचे वाङ्मय म्हणावे, असे मला पुष्कळदा वाटते. फराळाची ताटे पुढे आलेली असतात, गावोगावचे पाहुणे जमलेले असतात आणि कोणालाही कोठे जाण्याची घाई नसते. अशा वेळी माणसे आपले खरे मत सांगतात. पूर्वी या वाङ्मयाचे विषय ठरलेले असत. पाऊसपाणी, मोसंबीचा भाव, मुलामुलींची स्थळे आणि शेवटी राजकारण, या क्रमाने संभाषणाची गाडी पुढे जाई. गेल्या चार-पाच वर्षांत तीत एका नव्या विषयाने मोठ्या दिमाखात प्रवेश केला आहे, आणि तो विषय गाडीचाच आहे. मोटार घ्यावी ती पेट्रोलची की विजेची? चकली अर्धी खाऊन होते न होते तोच घरात दोन पक्ष पडतात.

मी पेशाने शिक्षक, आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा. मोटारींचा तज्ज्ञ असल्याचा दावा मी करणार नाही. परंतु हा वाद मी अनेकदा लक्षपूर्वक ऐकला आहे. ऐकता ऐकता माझ्या ध्यानात आले, की ही मोटारीच्या शौकिनांची मंडळी नकळत टीकावाङ्मयच निर्माण करीत असतात. तेथे रसिक आहेत, खंडन-मंडन आहे, जुन्याचा अभिमान आहे, नव्याचा आग्रह आहे. एक गोष्ट मात्र बहुधा नसते, आणि ती म्हणजे कसोटी. कोणत्या मापाने मोजायचे हे ठरविण्याआधीच निकाल देऊन मंडळी मोकळी होतात. पुस्तकाच्या परीक्षणात हा दोष आपण खपवून घेत नाही. मग लाखो रुपये ओतून घेतलेल्या वस्तूच्या परीक्षणात तरी का खपवून घ्यावा? म्हणून या वादाचेच एक परीक्षण आज वाचकांपुढे ठेवीत आहे.

प्रथम दोन्ही पक्षांची बाजू नीट मांडू. आमचे पाचोड हे सोलापूर-धुळे महामार्गावरचे, पैठण तालुक्यातले गाव. येथला मोसंबीचा बाजार प्रसिद्ध आहे. हंगामात बागायतदारांच्या आणि व्यापाऱ्यांच्या गाड्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना उभ्या राहतात, आणि चहाच्या हॉटेलात या विषयाची सभा आपोआप भरते. पेट्रोलवाल्याचे म्हणणे असे: गाडीला आवाज हवा, गिअर टाकताना हाताला काही कळायला हवे, चढावर इंजिनाने जोर लावलेला अंगाला जाणवायला हवा. टाकी पाच मिनिटांत भरते आणि माणूस थेट मुंबई गाठू शकतो. विजेची गाडी म्हणजे चाके लावलेला मोबाइल! विजेवाला हसून उत्तर देतो: तुमचा आवाज म्हणजे वाया जाणारी शक्ती. माझी गाडी घरच्या विजेवर किलोमीटरला दीड रुपयात पळते, तुम्ही सहा-सात रुपये जाळता. सिग्नलला पाय दाबला की मी पुढे, तुम्ही अजून पहिल्या गिअरमध्ये. ऑइल बदलणे नाही, प्लग साफ करणे नाही. तुमची गाडी म्हणजे चाकांवरची चूल!

दोघेही चतुर आहेत आणि आपापल्या परीने खरेही बोलतात. परंतु बारकाईने ऐकले तर एक गंमत दिसते. पेट्रोलवाला रसाची भाषा बोलतो आणि विजेवाला हिशेबाची. एक म्हणतो, ही ठुमरी ऐका. दुसरा म्हणतो, तिकीट माझ्याकडे स्वस्त आहे. अशा दोघांचा वाद दिवाळीपासून दिवाळीपर्यंत चालला तरी संपणार कसा?

पेट्रोलवाल्यांचा आवडता शब्द म्हणजे ‘परंपरा’. तेव्हा ही परंपरा किती जुनी ते पाहू. कार्ल बेन्झ या जर्मन कारागिराने पेट्रोलवर चालणाऱ्या तीनचाकी गाडीचे पेटंट घेतले १८८६ साली. दोन वर्षांनी, ऑगस्ट १८८८ मध्ये, त्याची पत्नी बेर्टा हिने नवऱ्याला न सांगता दोन मुलांना बरोबर घेऊन त्या गाडीने मानहाइमहून आपल्या माहेरी, फोर्ट्सहाइमला, शंभरेक किलोमीटरचा प्रवास केला. वाटेत पेट्रोल पंप कोठून असणार? विसलोख गावच्या औषधाच्या दुकानातून तिने इंधन विकत घेतले. इंधनाची नळी तुंबली ती तिने टोपीच्या पिनेने साफ केली, आणि ब्रेक झिजले तेव्हा वाटेतल्या चांभाराकडून त्यांना चामडे ठोकून घेतले. ‘वाटेत चार्जिंग संपले तर?’ हा विजेच्या गाडीला आज घातला जाणारा प्रश्न पेट्रोलच्या गाडीलाही तिच्या बालपणी पडला होता, हे यावरून समजते. ती टोपीची पिन मात्र वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

विजेची मोटारही काही कालची नव्हे. ताशी शंभर किलोमीटरचा वेग ओलांडणारी जगातली पहिली मोटार विजेची होती. कामीय जेनाझी या बेल्जियन चालकाने २९ एप्रिल १८९९ रोजी पॅरिसजवळ ती ताशी १०५ किलोमीटरच्या वर पळविली. गाडीचे नाव होते ‘कधीच समाधानी नसलेली’, आणि मोटारशौकिनांचा स्वभाव पाहता ते नाव कोणत्याही गाडीला शोभेल. हेन्री फोर्डने पेट्रोलच्या गाड्या लाखांनी विकल्या, पण त्याची पत्नी क्लारा स्वतः विजेची मोटार चालवीत असे. त्या काळी पेट्रोलची गाडी सुरू करायला पुढे उभे राहून हँडल मारावे लागे, आणि ते उलटे फिरले की मनगट मोडे. विजेच्या गाडीला ती कटकट नव्हती. पुढे १९१२ साली कॅडिलॅक गाडीत विजेचा स्टार्टर बसला आणि ही अडचण दूर झाली. तेल स्वस्त होते, फोर्डची गाडी स्वस्त होती. विजेची मोटार मागे पडली ती शंभर वर्षे. नियतीचा विनोद असा, की विजेच्या मोठ्या मोटारीला हरविण्यात विजेच्याच एका लहानशा मोटरीचा हात होता. तेव्हा एक गाडी परंपरेची आणि दुसरी परकी उपटसुंभ, हा भेद टिकत नाही. दोघी बहिणी आहेत. एक लवकर नांदायला गेली, दुसरी उशिरा.

आपल्याकडे संगीतात असाच एक वाद होऊन गेला आहे. हार्मोनिअम ही मूळची फ्रान्सची. तिचे स्वर पट्ट्यांत बांधलेले. दोन स्वरांमधली मींड तिला काढता येत नाही. या कारणासाठी १९४० साली आकाशवाणीने तिला दार बंद केले आणि ते १९७१ पर्यंत उघडले नाही. परंतु तीच पेटी आमच्या कीर्तनात, भजनात आणि संगीत नाटकांत अशी रुळली, की आज तिच्यावाचून एकादशीचे भजन उभे राहत नाही. परके काय आणि आपले काय, हे वस्तूच्या जन्मावरून ठरत नाही. तिच्यावर किती हातांनी बोटे फिरविली, त्यावरून ठरते.

हा दाखला गाडीच्या रसग्रहणालाही उपयोगी पडतो. पेट्रोलच्या इंजिनाची रचना पाहा. सिलिंडर हवा आणि पेट्रोल आत ओढून घेतो, दाबतो, ठिणगीने पेटवितो आणि धूर बाहेर टाकतो. या चार क्रियांना इंजिनाचे दोन फेरे लागतात. चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर सेकंदाला शंभर स्फोट होतात. हे गणित माझ्या वर्गातला मुलगाही करील. आपल्या कानाला ते शंभर स्फोट वेगळे ऐकू येत नाहीत. त्यांचा एक सलग खर्जातला स्वर होतो. वेग वाढतो तसा तो स्वर चढतो, गिअर बदलला की एकदम उतरतो, आणि पुन्हा चढू लागतो. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ या ग्रंथात लयीचे संवाद, विरोध आणि समतोल असे नियम सांगितले. ते सांगताना त्यांच्या मनात मोटार खासच नव्हती. तरी चढणारा स्वर, गिअरपाशी त्याचा भंग आणि पुन्हा सावरणे या क्रमात मला विरोध आणि समतोल दोन्ही दिसतात. चढावर दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनाने घेतलेली तान आणि माथ्यावर पोहोचताच सुटलेला निःश्वास, ही गोष्ट अनुभवलेल्या माणसाला पेट्रोलचा मोह का सुटत नाही हे मला समजते. त्याला ‘मागासलेला’ म्हणून हिणवणे हे अरसिकपणाचे लक्षण होय.

परंतु विजेच्या गाडीतही रस आहे. तिचे भक्त तो सांगायला विसरतात एवढेच. इंजिनाला जोर येण्यासाठी आधी फेरे वाढावे लागतात. विजेच्या मोटरीचा पूर्ण जोर पहिल्या क्षणापासून हजर असतो. बहुतेक विजेच्या गाड्यांना बदलण्याचे गिअर नसतातच. म्हणून तिचा वेग पायरीपायरीने न वाढता सारंगीच्या मींडेसारखा एका स्वरातून दुसऱ्यात सरकत जातो. पायाचा दाब कमी केला की तीच मोटर उलट चाकाकडून शक्ती घेऊन बॅटरीत परत भरते. उतारावर गाडी खर्च न करता कमावते. आणि शांतता! पहाटे बागेकडे जाताना काच खाली केली तर चाकाखालची खडी वाजलेली, रस्त्याकडेच्या लिंबावरचे पाखरू बोललेले ऐकू येते. पेट्रोलच्या गाडीत आपण यंत्र ऐकतो; विजेच्या गाडीत रस्ता ऐकू येतो. हा एक निराळा आनंद आहे, आणि विजेवाल्याने दीड रुपयाचा हिशेब जरा बाजूला ठेवून तो सांगितला, तर पेट्रोलवालाही क्षणभर थांबून ऐकेल.

येथे एका नव्या चालीचा निषेध करणे मला अवश्य वाटते. काही कंपन्यांनी विजेच्या महागड्या गाड्यांत इंजिनाचा खोटा आवाज बसविला आहे. कोणी तर नसलेल्या गिअरचे खोटे धक्केही देतात. पादचाऱ्यांना, विशेषतः अंधांना, गाडी आल्याचे कळावे म्हणून हळू चालताना थोडा आवाज करावा, असा नियम युरोपात २०१९ पासून नव्या नमुन्यांच्या गाड्यांना लागू झाला. तो योग्यच आहे. तेथे आवाजाला काम आहे. पण आत बसलेल्या मालकाचे मन रिझविण्यासाठी पेटत नसलेल्या पेट्रोलचा गडगडाट ऐकविणे म्हणजे सनमायकावर लाकडाच्या रेघा छापणे होय. नवी कविता लिहिताना जुन्या वृत्ताचा नुसता ठेका मागे वाजवीत ठेवावा, तसा हा प्रकार. विजेच्या गाडीने आपल्या मौनाची लाज बाळगण्याचे कारण नाही.

आता धुराचा मुद्दा. विजेवाला म्हणतो, माझी गाडी धूर सोडत नाही. हे निम्मे खरे आहे. वीज काही भिंतीतल्या छिद्रात उगवत नाही. आपल्या देशात ती अजून बहुतांशी कोळशातून येते. मराठवाड्यातल्या माणसाला हे सांगायला परळीकडे बोट दाखविले की पुरे. परळीचे औष्णिक वीजकेंद्र २०१५ च्या दुष्काळात पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते, म्हणजे विजेला नुसता कोळसाच लागत नाही, पाणीही लागते. कोळशाच्या केंद्रात उष्णतेचा सुमारे एक तृतीयांश भागच विजेत उतरतो. पुढे गाडीची मोटर मात्र त्या विजेतला फार थोडा भाग वाया घालविते. पेट्रोलच्या इंजिनात इंधनाच्या उष्णतेचा पाव हिस्सा चाकापर्यंत पोहोचला तरी पुष्कळ. दोन्ही हिशेब शेजारी मांडले तर विजेची गाडी पुढे राहते, पण तिचे भक्त सांगतात तितकी नव्हे. जसजशी सूर्याची आणि वाऱ्याची वीज वाढेल तसतसे हे अंतर वाढत जाईल. घराच्या छपरावर ज्याने सौरपट्ट्या बसविल्या त्याने मात्र आजच मान ताठ करावी.

पेट्रोलवाल्याचे पेट्रोलही आता पूर्वीचे राहिलेले नाही. २०२५ पर्यंत देशभरच्या पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सर्रास झाले. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे तिसऱ्या हिश्शाने कमी ऊर्जा असते, म्हणून ‘ॲव्हरेज पडले’ ही तक्रार पाचोडपासून पुण्यापर्यंत ऐकू येते. ते इथेनॉल काही अंशी उसातून येते, आणि ऊस गोदावरीचे पाणी पितो. तेव्हा ‘शुद्ध पेट्रोल’ आणि ‘शुद्ध वीज’ या दोन्ही कल्पनाच आहेत. पैठणच्या जायकवाडीच्या पाण्यावर दोघांचाही थोडाथोडा दावा आहे, एवढे आपण मराठवाडेकरांनी विसरू नये.

आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी या वादाचे दोन मोठे प्रयोग होऊन गेले, त्यांचा विचार केल्याशिवाय हे परीक्षण पुरे होणार नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेतील उद्योजक, डॉक्टर आणि व्यापारी अशा मंडळींनी एकत्र येऊन दीडशे मर्सिडीज गाड्या एकदम खरेदी केल्या. सुमारे पासष्ट कोटींचा तो सौदा देशभर गाजला. मराठवाडा म्हणजे मागासलेला ही ओळख पुसावी, उद्योगांनी शहराकडे पाहावे, असा त्यामागचा हेतू सांगितला गेला. पुढे २०२२ साली याच शहरात विजेच्या गाड्या एकत्र घेण्याची मोहीम निघाली, तीत दोनशेहून अधिक गाड्यांचा संकल्प सोडला गेला. एकदा प्रतिष्ठेसाठी, एकदा पर्यावरणासाठी. पण दोन्ही वेळा वरातीसारखे मिळून. मला यात हसण्यासारखे काही दिसत नाही. एकट्याने नवे करायला भिणारा माणूस चौघांबरोबर धीट होतो, आणि घाऊक खरेदीत भावही उतरतो. परंतु टीकाकार म्हणून एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. दोन्ही वेळा बातमी झाली ती आकड्याची. दीडशे किती, दोनशे किती, कोटी किती. त्या गाड्या बिघडल्यावर कोण उघडणार, हा प्रश्न वरातीच्या बँडमध्ये कोणाला ऐकू आला नाही.

आणि माझ्या मते या सगळ्या वादाची खरी कसोटी तोच प्रश्न आहे.

आमच्या गावात पन्नाशी ओलांडलेला एक मिस्त्री आहे. शाळा त्याने सातवीत सोडली, पण इंजिनाचा आवाज ऐकून कोणता व्हॉल्व्ह सैल आहे हे तो सांगतो. मी एकदा त्याला दोन्ही गाड्यांविषयी विचारले. तो म्हणाला, “गुरुजी, जुनी गाडी लेकरावाणी होती. दुखलं की रडायची, आन् रडण्यावरून कळायचं की पोट दुखतंय का कान. आता पेट्रोलचीबी नवी गाडी रडत नाही. नुसता पिवळा दिवा लावती. मग मशीन जोडायचं आन् मशीन म्हणंल ते ऐकायचं. विजेची तर बोलूनचालून मुकी.” मी विचारले, “मग विजेची शिकायची नाही का?” त्यावर त्याने हातातला पाना खाली ठेवला. “शिकीन की. वय झालं म्हणून काय झालं? पण कुणी उघडून दाखवील तवा ना.”

या उत्तरात वादाचे सारे मर्म आले आहे. पेट्रोलवाला ज्या गाडीसाठी अश्रू ढाळतो ती गाडी विजेने मारलेली नाही. ती आधीच गेली. सन २००० च्या सुमारास कार्ब्युरेटर जाऊन त्या जागी संगणकाने चालणारे इंधनाचे फवारे आले. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले आणि इंजिनाभोवती संवेदकांचे जाळे आणखी दाट झाले. हवा स्वच्छ व्हावी म्हणून हे आवश्यक होते, याबद्दल माझा वाद नाही. पण त्या दिवसापासून पेट्रोलची गाडीही गावच्या मिस्त्रीला पाठ दाखवू लागली. उलटपक्षी विजेच्या गाडीत फिरणारे भाग पेट्रोलच्या गाडीपेक्षा कितीतरी कमी. स्वभावाने ती साधी आहे. तिला अवघड केले आहे ते कुलपांनी. बॅटरीची पेटी बंद, तिची माहिती बंद, संगणकाचा परवलीचा शब्द कंपनीच्या हाती. तेव्हा वादाची खरी रेषा पेट्रोल आणि वीज यांच्यामधून जातच नाही. ती उघडणारी गाडी आणि न उघडणारी गाडी यांच्यामधून जाते.

उघडणाऱ्या गाडीचे उदाहरण महाराष्ट्राला नवे नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि कुर्ल्याच्या तिच्या कारखान्यातून पुढे फियाट आणि पद्मिनी गाड्या बाहेर पडल्या. नव्या गाडीचे उत्पादन थांबून वीस वर्षे उलटली तरी पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून पूर्णपणे हटल्या त्या ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस. ती गाडी फार वेगवान नव्हती, फार आरामाची नव्हती, उन्हाळ्यात चढावर तापायची. तरी ती टिकली, कारण गल्लोगल्ली तिला उघडणारे हात होते. बेर्टा बेन्झची टोपीची पिन येथे आठवावी. मोटारीचा पहिला लांबचा प्रवास पार पडला तो इंजिनाच्या बळावर जितका, तितकाच एका बाईच्या पिनेच्या आणि एका चांभाराच्या खिळ्यांच्या बळावर. ती इंधनाची नळी सीलबंद असती तर मोटारीचा इतिहास विसलोखच्या औषधाच्या दुकानासमोरच थबकला असता.

कोणी म्हणेल, गुरुजी, विजेच्या बॅटरीत काहीशे व्होल्टचा दाब असतो. तेथे पिन घालणारा जिवंत राहील काय? आक्षेप रास्त आहे. बॅटरी ही खेळण्याची वस्तू नव्हे. परंतु विजेचे खांब आपल्या गावात आले तेव्हाही ती जीवघेणीच होती. आपण लाइनमन शिकविले, त्यांना रबरी हातमोजे दिले, आणि आज प्रत्येक गावाला आपला वायरमन आहे. धोका आहे म्हणून ज्ञान कोंडून ठेवावे हा न्याय तेव्हा लावला नाही, मग आताच का लावावा? जगातही हा विचार रुजू लागला आहे. युरोपीय संघाने २०२३ मध्ये केलेल्या नियमाप्रमाणे २०२७ पासून गाड्यांच्या बॅटरीबरोबर तिची सारी हकिकत सांगणारा पासपोर्ट असावा लागणार आहे. आपल्या केंद्र सरकारनेही डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या नावाने एक संकेतस्थळ उघडले. सुरुवात झाली आहे. गावापर्यंत ती पोहोचायची आहे.

आणि हा प्रश्न आता लांबचा राहिलेला नाही. आमच्या जिल्ह्याला मोटारींचे वेड फुकटचे नाही. वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ साली सुरू झाला, शेंद्र्याला स्कोडाच्या गाड्या २००१ पासून जुळू लागल्या. शाळा संपवून आमच्याकडची किती मुले त्या वसाहतींत गेली याची गणती नाही. आता २०२४ साली टोयोटा किर्लोस्कर, जेएसडब्ल्यू आणि एथर या कंपन्यांनी बिडकीनच्या औद्योगिक वसाहतीसाठी विजेच्या आणि संकरित गाड्यांचे मोठे प्रकल्प जाहीर केले. बिडकीन आमच्याच पैठण तालुक्यात. म्हणजे ज्या गाडीवरून चहाच्या हॉटेलात भांडण चालते, ती उद्या आमच्याच तालुक्याच्या मातीवर तयार होईल. अशा वेळी तालुक्यातला मिस्त्री तिला हात लावू शकणार नसेल, तर त्या कारखान्याचे दिवे आम्हाला दुरून पाहण्यापुरतेच राहतील. कारखान्यात आमच्या मुलाने एकच बोल्ट आठ तास आवळावा आणि गावी आल्यावर त्याच गाडीचा पिवळा दिवा लागला की तिला टो करून पन्नास किलोमीटर शहरात न्यावे, याला प्रगती म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आता निकालाची वेळ आली. टीकाकाराने शेवटी हात झटकू नयेत. ज्याचे रोजचे जाणे-येणे शे-दीडशे किलोमीटरच्या आत आहे, घरापुढे जागा आहे आणि दारात भरवशाची वीज आहे, त्याने विजेची गाडी घ्यावी; रसाने आणि हिशेबाने दोन्ही बाजूंनी ती सरस आहे. ज्याला हंगामात अवेळी वाशीच्या बाजाराकडे धाव घ्यावी लागते, किंवा ज्याच्या गावात भारनियमनाचा भरवसा नाही, त्याने आणखी काही वर्षे पेट्रोल वापरले तर त्याला कोणी प्रतिगामी म्हणू नये. ज्याच्याकडे जुनी, उघडणारी गाडी आहे त्याने ती जतन करावी, आणि शाळकरी मुलांना एकदा तरी बॉनेट उघडून दाखवावे. इंजिन चालते कसे हे ज्याने डोळ्यांनी पाहिले, त्याला मोटर चालते कशी हे विचारण्याची हिंमत येते.

पाडवा हा साडेतीन मुहूर्तांतला अर्धा. त्या दिवशी गाड्यांच्या दुकानांत पेढ्यांचे खोके आणि हार यांची रीघ लागते. वाचकहो, आपल्यापैकी जी मंडळी या पाडव्याला नवी गाडी घेणार असतील त्यांनी रंग, पल्ला, ॲव्हरेज आणि हप्ता हे सगळे जरूर विचारावे. त्यानंतर किल्ली हाती घेण्यापूर्वी विक्रेत्याला आणखी दोन गोष्टी विचाराव्यात. हिची दुरुस्तीची पुस्तिका मला मिळेल का? आणि आमच्या गावच्या मिस्त्रीला ही उघडायला कोण शिकवील? पहिल्या पाच गिऱ्हाइकांना तो हसेल, विसाव्याला वरच्या साहेबाला फोन लावील. शंभर गिऱ्हाइकांनी विचारले तर कंपनीला उत्तर तयार ठेवावे लागेल. आमच्या जिल्ह्याला दीडशेच्या वरातीची सवय आहेच. या वेळी प्रश्नांची वरात काढावी, एवढीच विनंती.